प्रत्येक मुलाच्या हाती टॅबलेट आणि सहा शिक्षक: एका जिल्हा परिषद शाळेचे प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्याच्या ऊसतोड पट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेचे आहे. शाळेची, गावाची व माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि तपशील आवश्यक तेथे बदलले आहेत. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला टॅबलेट मिळाल्यावर शिक्षकांपुढे कोणते प्रश्न उभे राहिले, त्यांनी कोणते निर्णय घेतले आणि त्या निर्णयांचे पुढे काय झाले, एवढ्यापुरताच हा अभ्यास मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

शाळा पहिली ते सातवीची आहे. पटावर पावणेदोनशेच्या आसपास मुले आणि मुख्याध्यापिका धरून सहा शिक्षक. गावातील बरीच घरे कोरडवाहू शेतीवर आणि ऊसतोडीवर जगणारी असल्यामुळे दिवाळी सरली की पटावरची संख्या आणि वर्गातली संख्या यांत अंतर पडू लागते. काही मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईवडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या तळावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. परत आलेले मूल ज्या वर्गात बसते तो वर्ग तोवर बराच पुढे गेलेला असतो.

तंत्रज्ञान या शाळेला नवे नव्हते. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या गुणवत्ता कार्यक्रमाचा शासन निर्णय आल्यानंतर राज्यभर गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले, तसा येथेही एक प्रोजेक्टर आला. २०१७ साली दीक्षा हे डिजिटल शिक्षणसाहित्याचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, तेव्हा शिक्षकांनी आपापल्या मोबाइलवर ते उघडून पाहिले. पुढे करोनाच्या काळात शाळा बंद असताना ज्या घरात स्मार्टफोन होता त्या घरातील मुलांपर्यंत व्हॉट्सॲपवरून अभ्यास पोहोचला आणि ज्या घरात नव्हता त्या घरातील मुलांसाठी शिक्षक वस्तीवर फिरले. प्रोजेक्टर मात्र दिवा गेल्यापासून कापड टाकून ठेवलेला होता, कारण नवा दिवा कोणत्या निधीतून आणायचा हे कधी ठरलेच नाही.

या इतिहासात एक गोष्ट नजरेआड होते आणि ती पुढच्या सगळ्या घडामोडींसाठी महत्त्वाची आहे. या सहा शिक्षकांच्या दैनंदिन अनुभवात पडदा म्हणजे मुख्यतः माहिती भरण्याची जागा होती. सरल व यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थी माहितीच्या सरकारी संगणक प्रणाली, पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, कार्यालयाकडून दुपारी मागितलेली आणि संध्याकाळपर्यंत हवी असलेली माहिती, या सर्वांमुळे तंत्रज्ञानाने शिक्षकांचा वेळ घेतला होता. वर्गात शिकवताना त्याने हातभार लावल्याचा अनुभव त्यांच्यापाशी फारसा नव्हता. ही पार्श्वभूमी लक्षात न घेता त्यांच्या पुढच्या वागण्याचा अर्थ लावणे अन्यायाचे ठरेल.

एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीतून टॅबलेट आले. पाचवी, सहावी आणि सातवीच्या प्रत्येक मुलासाठी एक, शिक्षकांसाठी काही, शाळेत ठेवायचा एक छोटा सर्व्हर आणि गणित व मराठीच्या सरावाचे ॲप, असा तो संच होता. इंटरनेट नसतानाही शाळेच्या आवारातील वायफायवर ॲप चालत असे. तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाचे प्रशिक्षण झाले, त्यात यंत्र सुरू करणे, मुलांची नावे भरणे, पासवर्ड देणे आणि अहवाल पाठवणे शिकवले गेले. भागाकार शिकवताना हे यंत्र तासाच्या कोणत्या टप्प्यावर हातात घ्यायचे, यावर त्या दिवसभरात एकही शब्द निघाला नाही.

अडचण नेमकी कोठे होती

पहिल्या काही आठवड्यांत दिसलेल्या अडचणी सगळ्यांना ओळखीच्या वाटतील. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील जवळजवळ निम्मा वेळ टॅबलेट वाटणे, पासवर्ड विसरलेल्या मुलांना आत घेणे आणि शेवटी मोजून कपाटात ठेवणे यांत जाई. वीज गेलेल्या दुसऱ्या दिवशी अर्धी यंत्रे बंद असत. वयाने सर्वांत लहान असलेल्या शिक्षकांना मोबाइलची चांगली माहिती होती, त्यामुळे ते आपोआप शाळेचे ‘तंत्रस्नेही’ ठरले आणि त्यांचा स्वतःचा वर्ग चालू असताना शेजारच्या वर्गातून त्यांना हाका येऊ लागल्या.

याहून खोल अडचण गणित शिकवणाऱ्या ज्येष्ठ गुरुजींच्या वर्गात दिसली. निवृत्तीला काही वर्षे उरलेले हे शिक्षक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहात, गणितासाठी नावाजलेले होते. त्यांची पद्धत फळ्याची होती. एक उदाहरण मांडायचे, संपूर्ण वर्गाला एकेक पायरी विचारत पुढे न्यायचे आणि मुलांच्या चेहऱ्यावरून व वहीतून कोठे अडले ते ओळखायचे. टॅबलेटवर प्रत्येक मूल वेगळ्या उदाहरणावर होते. वर्ग शांत होता, सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि गुरुजींना कोणत्या बाकाशी उभे राहावे हेच कळेना.

एक उदाहरण येथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. ४२१२ ला ४ ने भागायचे होते. ४ ला ४ ने एकदा भाग गेला, पुढच्या २ ला भाग जात नाही म्हणून भागाकारात शून्य लिहायला हवे, नंतर २१ आणि शेवटी १२, उत्तर १०५३. पाचवीतील अनेक मुले मधले शून्य गाळतात आणि १५३ लिहितात. ॲप या उत्तरावर लाल खूण करून पुढचे उदाहरण देत असे. चारचा पाढा चुकलेल्या मुलालाही तीच लाल खूण मिळे आणि घाईत चुकीचा अंक दाबलेल्यालाही तीच. फळ्याशी उभे राहून गुरुजींना जे दिसत असे, ते या व्यवस्थेत कोणालाच दिसत नव्हते. त्यांनी आठवडाभर हे पाहिले आणि मग टॅबलेट कपाटातच राहू देऊन पुन्हा खडू हातात घेतला.

त्याच सुमारास कंपनीच्या प्रतिनिधींनी दरमहा वापराचे तास मागायला सुरुवात केली. तास कमी भरले की दूरध्वनी येई. परिणामी इतर दोन वर्गांत पोषण आहारानंतरच्या वेळेत मुलांना नुसतेच टॅबलेट देऊन बसवण्याची पद्धत पडली. मुले जमतील ती सोपी उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवीत, गुण मिळवीत आणि तास भरले जात.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत या शाळेचा विषय निघाला तेव्हा चर्चेचा सूर असा होता की ज्येष्ठ शिक्षकांची मानसिकता बदलली पाहिजे. या निदानाशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. मुलांची चूक कळत नाही अशा साधनापासून दूर राहणारा शिक्षक आपले काम समजून-उमजून करत असतो. गुरुजींचा नकार ही या साधनाविषयीची शाळेतील सर्वांत नेमकी माहिती होती. तिला विरोध समजून बाजूला सारले असते तर पुढचे काहीही घडले नसते.

समोरचे पर्याय

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मुख्याध्यापिकांनी शिक्षकांची आणि नंतर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली. पहिला पर्याय असा होता की वेळापत्रकात रोज एक स्वतंत्र ‘टॅबलेट तासिका’ ठेवावी आणि ती तंत्रस्नेही शिक्षकांनी तिन्ही वर्गांना द्यावी. हे सोयीचे होते, तासही भरले असते. परंतु मग टॅबलेटवर मूल काय शिकते याचा गणित शिकवणाऱ्या शिक्षकाशी संबंधच उरला नसता. दुसरा पर्याय सर्व विषयांत, सर्व शिक्षकांनी, रोज वापर करण्याचा. कंपनीला हाच हवा होता आणि शिक्षकांपैकी कोणालाही तो शक्य वाटत नव्हता. तिसरा, टॅबलेट मुलांना घरी देऊन टाकण्याचा. चौथा पर्याय मोठ्याने कोणी बोलले नाही, पण तो सर्वांच्या मनात होता: तपासणीपुरते बाहेर काढायचे आणि एरवी कपाट बंद ठेवायचे. प्रोजेक्टरचे तेच झाले होते.

या टप्प्यावर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील एका अधिव्याख्यात्यांनी बैठकीत मांडलेली माहिती उपयोगी पडली. प्रत्येक मुलाला स्वतःचे यंत्र देण्याचा प्रयोग जगात आधी झालेला आहे. आपल्याकडेही २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचे लॅपटॉप मुलांना मिळाले होते. पेरू या देशाने याच उपक्रमाखाली फार मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. याउलट दिल्लीतील सरकारी शाळांच्या प्रामुख्याने सहावी ते नववीच्या मुलांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणकावरील सरावाने साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत स्पष्ट सुधारणा दिसली. तेथे प्रत्येक मुलाला त्याच्या प्रत्यक्ष पातळीचे प्रश्न मिळत होते, इयत्तेच्या पातळीचे नव्हे, आणि संगणकावरील वेळेइतकाच वेळ लहान गटात माणसाकडून शिकवण्यासाठी ठेवलेला होता.

या माहितीने बैठकीतला प्रश्नच बदलला. टॅबलेट किती वापरायचा हा विचार मागे पडला आणि आपल्याला वर्गात एकट्याने कोणती गोष्ट जमत नाही, असे मुख्याध्यापिकांनी प्रत्येक शिक्षकाला विचारले. गुरुजींचे उत्तर तयार होते. सहावीत बसलेल्या कोणत्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, कोणाला भागाकार येत नाही आणि कोणाला दोन्ही येऊन शाब्दिक उदाहरण कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण या तिन्ही गटांना एकाच तासिकेत वेगवेगळे काम देणे त्यांना एकट्याला कधीच साधले नव्हते.

पहिला निर्णय: थोडे, पण ठरावीक जागी

ठरले ते असे. टॅबलेट फक्त गणितासाठी आणि मराठी वाचनासाठी, प्रत्येक वर्गात आठवड्यातून तीन तासिकांना वापरायचे. त्या तासिका जोडून घ्यायच्या, म्हणजे वाटप आणि आवराआवरीत गेलेला वेळ सोसतो. ज्या घटकात शिक्षकाला फळाच बरा वाटेल तेथे टॅबलेट न वापरण्याची मुभा राहील आणि त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. ही शेवटची अट मुख्याध्यापिकांनी लेखी घातली. नकाराची मुभा मिळाल्यावरच गुरुजी पुन्हा टॅबलेटकडे वळले, असे त्यांनी स्वतः नंतर सांगितले.

तासिकेची मांडणी त्यांनीच बसवली. मुलांनी उदाहरण वहीत सोडवायचे, सर्व पायऱ्या मांडायच्या आणि टॅबलेटवर फक्त उत्तर टाकायचे. लाल खूण आली की पुढचे उदाहरण न घेता वहीत त्या उदाहरणाभोवती चौकट करायची. पहिली तासिका संपताना गुरुजी ॲपच्या वर्ग-अहवालात कोण कोठे अडले ते पाहत आणि दुसऱ्या तासिकेत पाच-सहा मुलांना वह्या घेऊन फळ्याजवळ बोलावत. बाकीचा वर्ग सरावात राहत असे. शून्य गाळणाऱ्या मुलांचा असा गट त्यांनी एकदा बसवला तेव्हा भागाकार करण्यापूर्वीच उत्तर किती अंकी येईल ते सांगायला लावले. ४००० ला ४ ने भागले तर १०००, म्हणून ४२१२ चे उत्तर चार अंकीच असणार. १५३ येऊच शकत नाही. हे मुलांना उमगले की ती आपली चूक आपणच पकडू लागतात. ॲपला हे शिकवता येत नव्हते, आणि ॲप नसते तर उरलेल्या वर्गाला कामात ठेवून पाच मुलांपुढे इतका वेळ उभे राहणे गुरुजींना शक्य नव्हते. प्रत्येक मुलासाठी यंत्र असण्याचा खरा उपयोग शाळेला येथे सापडला.

प्रशिक्षणाची पद्धतही बदलली. शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर एका तासासाठी सहाही शिक्षक एकत्र बसत आणि पुढच्या आठवड्यातील एकच पाठ घेत. त्यात कोणती चूक अपेक्षित आहे हे ज्येष्ठ शिक्षक सांगत आणि ती चूक अहवालात कशी दिसेल हे तरुण शिक्षक दाखवत. ज्ञान दोन्ही बाजूंनी वाहू लागल्यामुळे ‘तंत्रस्नेही’ आणि बाकीचे अशी जी नकळत उतरंड तयार झाली होती ती विरली. वाटप, चार्जिंग आणि पासवर्डची जबाबदारी प्रत्येक वर्गातील मुलांच्या गटाकडे आळीपाळीने दिली गेली. वाटपाला लागणारा वेळ त्यानंतर झपाट्याने कमी झाला. विजेसाठी ग्रामपंचायतीने इन्व्हर्टर दिला.

दुसरा निर्णय: अहवाल कोणी पाहायचा

तंत्रज्ञानाच्या चर्चेत हा प्रश्न सहसा येत नाही. या शाळेत तो निर्णायक ठरला. ॲपमध्ये प्रत्येक मुलाची, आणि म्हणून प्रत्येक शिक्षकाच्या वर्गाची, आकडेवारी साठत होती. कंपनी ती मागत होती आणि तालुका पातळीवरही वर्गनिहाय तक्ता मिळावा अशी तोंडी सूचना आली होती. शिक्षकांना भीती वाटत होती ती अशी की जो शिक्षक कच्च्या मुलांना त्यांच्या पातळीची सोपी उदाहरणे देईल त्याचा वर्ग तक्त्यात मागे दिसेल, आणि जो सर्वांना इयत्तेची उदाहरणे देऊन अंदाजाने उत्तरे टाकू देईल त्याचा वर्ग पुढे दिसेल. भीती खोटी नव्हती. मुलाची खरी पातळी दाखवणे ज्या दिवशी शिक्षकाला महागात पडते, त्या दिवसापासून अहवालात खरे काही उरत नाही.

मुख्याध्यापिकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांची भेट घेऊन हे मांडले. मुलांचे नाव असलेला किंवा शिक्षकांची तुलना करणारा कोणताही तक्ता शाळेबाहेर जाणार नाही, असा निर्णय त्यांनी मिळवला. कंपनीला वापराच्या तासांऐवजी दर तिमाहीला दोन पानांचे टिपण द्यायचे ठरले, ज्यात कोणत्या घटकात मुले अडली, शिक्षकांनी काय केले आणि ॲपमध्ये कोणती दुरुस्ती हवी हे लिहिलेले असे. कंपनीने प्रथम नाराजी दर्शवली. दुसऱ्या टिपणानंतर मात्र त्यांच्या तंत्रज्ञांनी एकाच प्रकारची चूक सलग तीनदा झाली तर मुलाला थांबवून शिक्षकाला सूचना देण्याची सोय ॲपमध्ये केली. वापराचे तास मोजत राहिले असते तर ही गरज कोणाच्या ध्यानातही आली नसती.

तिसरा निर्णय: कारखान्यावर जाणाऱ्या मुलांचे टॅबलेट

दिवाळीनंतर सर्वांत कठीण प्रश्न उभा राहिला. टॅबलेट प्रत्येक मुलासाठी आहे, तर मग आईवडिलांबरोबर कारखान्यावर निघालेल्या मुलाचा टॅबलेट त्याच्याबरोबर जावा की शाळेत राहावा? समितीतील काही सदस्यांचे म्हणणे होते की ज्या मुलांचे शिक्षण सर्वाधिक तुटते त्यांनाच तो सर्वाधिक हवा. हे तत्त्वतः बरोबर होते. परंतु तळावरच्या कोप्यांत (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांत) वीज नसते, ॲपमधील पुढचे धडे शाळेच्या सर्व्हरवरूनच येत असल्याने बाहेर फक्त आधी उतरवून घेतलेला सराव चालला असता आणि यंत्र हरवले किंवा फुटले तर आपल्याला भरून द्यावे लागेल या धास्तीने आईवडीलच ते न्यायला तयार नव्हते. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन बांधलेल्या कुटुंबाला आणखी एक देणे मागे लागण्याची भीती किती खरी असते, हे या भागात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

समितीने प्रथम ठराव केला की अपघाताने झालेल्या नुकसानीची भरपाई कोणत्याही पालकाकडून घेतली जाणार नाही. त्यानंतर गावात राहणाऱ्या व हंगामी वसतिगृहातील मुलांना शनिवार-रविवारी टॅबलेट नेण्याची परवानगी मिळाली. स्थलांतर करणाऱ्या मुलांचे टॅबलेट मात्र शाळेतच ठेवायचे ठरले. त्या मुलांना, स्थलांतराच्या ठिकाणी शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड देताना त्यासोबत एक साधा कागद जोडण्यात आला, ज्यावर मूल वाचनात व गणितात नेमके कोठे आहे आणि पुढे काय घ्यावे हे लिहिलेले होते. ॲपच्या अहवालामुळे हा कागद पूर्वीच्या ‘प्रगती समाधानकारक’ या शेऱ्याहून कितीतरी नेमका झाला. बरोबर छापील सरावाची एक वही दिली. कारखान्याजवळच्या शाळेत गेलेल्या मुलांपैकी काहींच्या बाबतीत तेथील शिक्षकांनी दूरध्वनी करून आणखी माहिती विचारली; काहींचा कागद कोणी पाहिलाच नाही; आणि काही मुले तेथे शाळेत गेलीच नाहीत.

सहावीतील एक विद्यार्थिनी

सहावीत अल्पदृष्टी असलेली एक मुलगी होती. टॅबलेट आल्यावर तिला सर्वांत जास्त फायदा होईल असे सर्वांनी गृहीत धरले होते. अक्षरे मोठी करता येतात आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची सोय मराठीतही आहे. पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफवर अक्षरे मोठी करणे तिला खरोखरच लाभले. सरावाच्या ॲपमध्ये मात्र बरीचशी गणिते चित्ररूपात टाकलेली होती, त्यामुळे वाचून दाखवणारी सोय तेथे मुकी राहिली, आणि अक्षरे मोठी केली की उत्तराची चौकट पडद्याबाहेर जाई. पहिले दोन-अडीच महिने ती शेजारणीकडून उदाहरण ऐकून घेत होती. हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण अहवालात तिची उत्तरे बरोबर येत होती.

समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षिका भेटीला आल्या तेव्हा त्यांनी तिला एकटीने उदाहरण सोडवायला सांगितले आणि मग हे उघड झाले. उपाय साधा निघाला. तिच्यासाठी गुरुजी आठवड्याची उदाहरणे मोठ्या अक्षरांत टाइप करून वेगळ्या फाइलमध्ये देऊ लागले आणि उत्तरे वहीत तपासू लागले. कंपनीला चित्ररूप गणिते मजकुरात बदलण्याची विनंती केली. ती अंशतःच मान्य झाली. प्रत्येकाला एकसारखे यंत्र दिल्याने प्रत्येकाची सोय होत नाही, हे या शाळेत याच मुलीमुळे सर्वांना दिसले, आणि ते यंत्र निवडण्यापूर्वीच विशेष शिक्षिकांना विचारून कळले असते.

निष्पत्ती

दोन शैक्षणिक वर्षांच्या शेवटी चित्र संमिश्र होते आणि ते तसेच नोंदवले पाहिजे. वर्षभर शाळेत राहिलेल्या मुलांच्या मूलभूत क्रियांत, विशेषतः हातच्याची वजाबाकी आणि भागाकार यांत, शिक्षकांच्या स्वतःच्या चाचण्यांतून स्पष्ट सुधारणा दिसली. शाब्दिक उदाहरणांत फारसा फरक पडला नाही; तेथे अडचण वाचनाची आणि प्रसंग समजण्याची होती, सरावाची नव्हती. मराठी वाचनासाठी ॲपपेक्षा मुलांनी एकमेकांचे वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकण्याचा सहावीच्या बाईंनी सुरू केलेला उपक्रम अधिक टिकला. तो कोणत्याही प्रशिक्षणात नव्हता.

शिक्षकांचे काम कमी झाले नाही. शनिवारचा तास त्यांनी आपल्या वेळेतून दिला आणि त्याबदली मुख्याध्यापिकांनी माहिती भरण्याची बरीच कामे स्वतःकडे घेतली, म्हणून तो टिकला. स्थलांतरित मुले परत आली तेव्हा त्यांना पूर्वीप्रमाणे वर्गाच्या मागे बसवण्याऐवजी त्यांच्या पातळीवरून सुरुवात करून देता आली. हे मोठे होते. मधले चार-पाच महिने मात्र भरून निघाले नाहीत.

कंपनीचा करार संपल्यावर दुरुस्तीचा प्रश्न आला. काही यंत्रांच्या बॅटऱ्या फुगल्या, काहींचे पडदे तडकले. समग्र शिक्षा या शासकीय शालेय योजनेच्या निकषांनुसार १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातच वीजबिल, स्वच्छता, खडू, किरकोळ दुरुस्ती असे सारे बसवायचे असते. प्रत्येक मुलामागे एक यंत्र ही स्थिती त्यानंतर पाचवीत राहिली नाही. तेथे दोन मुलांत एक झाले. गुरुजींनी जोड्या लावताना मुद्दाम एकाच पातळीची मुले एकत्र बसवली, म्हणजे एक सोडवतो आणि दुसरा पाहतो असे होणार नाही.

काय वेगळे करता आले असते

यंत्रे स्वीकारण्यापूर्वीच शाळेने देणगीदाराशी तीन गोष्टी लिहून घ्यायला हव्या होत्या: करार संपल्यानंतर बॅटरी व पडदे बदलण्याचा खर्च कोणाचा, मुलांच्या माहितीवर अधिकार कोणाचा आणि दिव्यांग मुलांसाठी ॲप तपासून कोण देणार. या तिन्हींवर नंतर बोलणी झाली, पण तोवर यंत्रे वर्गात होती आणि शाळेची बाजू कमकुवत झाली होती. दान मिळत असताना अटी घालणे ग्रामीण शाळेला संकोचाचे वाटते. असा करारनामा म्हणूनच जिल्हा पातळीवर तयार असायला हवा, प्रत्येक मुख्याध्यापकावर तो सोडू नये.

सुरुवात तिन्ही वर्गांत एकदम करण्याऐवजी एका वर्गात, एका विषयात करता आली असती. गुरुजींच्या वर्गात आधी एक सत्र काम झाले असते तर पोषण आहारानंतर नुसते तास भरण्याची सवय इतर वर्गांत लागली नसती. ती मोडायला बरेच महिने गेले. एकाच वेळी सर्वांना न दिल्यास पालकांची तक्रार येईल, ही मुख्याध्यापिकांची भीती मात्र रास्त होती आणि त्या ठिकाणी दुसरा कोणता निर्णय सोपा ठरला असता असे म्हणवत नाही.

स्थलांतरित मुलांबाबतचा निर्णय पुन्हा तपासण्यासारखा आहे. टॅबलेट मुलाबरोबर न पाठवणे त्या परिस्थितीत योग्यच होते. पण ज्या कारखान्यांवर गावातील टोळ्या दरवर्षी जातात ते बहुतेक ठरलेले असतात. तेथील जवळच्या दोन-तीन शाळांशी हंगामापूर्वीच बोलून, काही यंत्रे हंगामभर त्या शाळांत ठेवता आली असती का, हा पर्याय बैठकीत चर्चेलाच आला नाही. यंत्रे या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ मालमत्तेच्या नोंदवहीत) असल्याने दुसऱ्या तालुक्यातील शाळेला ती कशी द्यायची, हा त्यातला अडसर आहे आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर सोडवता येण्यासारखा आहे.

शेवटचा मुद्दा बदल्यांचा. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी तरुण शिक्षकांची बदली झाली आणि गुरुजींच्या निवृत्तीलाही आता फार काळ उरलेला नाही. शनिवारच्या तासांत जे साठले होते ते बहुतांशी बोलण्यातच होते. बदली होण्यापूर्वीच्या महिन्यात दोघांनी मिळून पाचवी ते सातवीच्या गणितातील प्रत्येक घटकासाठी एक वही लिहायला घेतली: कोणती चूक अपेक्षित आहे, ती अहवालात कशी दिसते, लहान गटात काय विचारावे आणि कोणत्या घटकाला टॅबलेट वापरूच नये. पाचवीचा भाग पूर्ण झाला आहे, सहावीचा अपूर्णांकांपर्यंत आला आहे आणि उरलेला भाग नव्याने रुजू झालेल्या शिक्षिका गुरुजींबरोबर बसून लिहीत आहेत.